अंगणवाडीतले निसर्गाचे खेळ: या चुका टाळा

पाऊस पडला की अंगणवाडीत बी रुजवायचा खेळ होतो, आणि दर वर्षी तीच चूक दिसते. पेरणीतून उरलेलं बियाणं ताई घरून मूठभर घेऊन येतात. पिशवीतली सरकी, सोयाबीन गुलाबी, हिरवं किंवा निळं असतं ते शोभेसाठी नाही. त्याला कीड-बुरशी मारायचं विषारी औषध चोळलेलं असतं, आणि खायच्या धान्यात चुकून मिसळू नये म्हणून तो रंग असतो. तीन वर्षांचं लेकरू तर हातातली वस्तू आधी तोंडात घालून बघतं.

यवतमाळकडच्या एका अंगणवाडीत मी गेले, तर पोरं गोल बसून गुलाबी सोयाबीन मोजत होती. सगळ्यांची बोटं गुलाबी, आणि एका पोरीचे ओठसुद्धा. खेळ तिथेच थांबवला, साबणाने हात-तोंड धुतले, पोरीला आईसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी दुपारपर्यंत बसवून ठेवलं, पोर ठणठणीत राहिली. ताई म्हणाल्या, "घरी तं पडलंच होतं मॅडम, फुकट जात होतं." २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तरी औषधाची भीती घरात बसत नाही याचा मला फार त्रास होतो.

माझा नियम एकच: स्वयंपाकघरातल्या डब्यात जे असतं तेच पोरांच्या हातात. मूग, मटकी, चवळी, हरभरा. बांधावरची चंद्रज्योत, एरंडी आणि लाल-काळी गुंज मोजायला कितीही देखणी वाटली तरी नको, तिन्ही विषारी. औषधाचा रिकामा डबा कापून कुंडी करणं तर कितीही धुतला तरी नाही.

मोड येत नाहीत अशी तक्रार असते, तिथे बहुधा बी पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. बीला हवाही लागते, नाहीतर ते कुजतं. रात्रभर भिजवा, सकाळी निथळा, ओल्या फडक्यात बांधून माठाजवळ सावलीला ठेवा. पोरं रोज उकरून बघणारच. म्हणून मी दोन वाट्या ठेवते, एक उकरायची आणि एक हात न लावायची.

दुसरी चूक शिकलेली माणसंही करतात. घमेल्यात पाणी भरतात, खडा टाकतात, पान टाकतात आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे होतात: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. हे चूक आहे. अख्खा लाल भोपळा पाण्यात सोडा, तरंगतो. शेजारी चिंचोक्याएवढा खडा तळ गाठतो. संत्री आली की आपल्याकडे याहून चांगलं साधन नाही. सालासकट संत्रं तरंगतं. साल काढली की वजन कमी होतं, तरी बहुतेक वेळा तेच बुडतं, कारण हवा धरून ठेवणारी सैल साल गेली. पण हे कारण पोरांना सांगायची घाई नको. "आता काय होईल?" एवढं विचारा आणि गप्प बसा. "बुडलं! काहून बुडलं?" असं कुणी विचारलंच तर दुसरं संत्रं त्याच्या हातात द्या. टाकायचं पोरानेच. ताई टाकणार आणि पोरं मागून माना उंचावणार, याला मी प्रयोग म्हणत नाही. नव्या ताई एका सकाळी बुडणं-तरंगणं, चुंबक, सावली सगळं उरकून ग्रुपवर फोटो टाकतात. त्यातलं एकच आठवडाभर चालू द्या.

खेळ-साहित्याचं किट आलं नाही म्हणून थांबू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं.

मिरगाचा लाल मखमली किडा काडेपेटीत कोंडू नका. हातावर चालू द्या, आठ पाय मोजू द्या, उचलला तिथेच सोडा.

फवारलेल्या वावरातली पानं-फुलं आणू नका.

भिंग दिलं की सूर्याकडे कुणी बघत नाही ना, यावर नजर ठेवा.

हरभऱ्याचा दाणा नाकात गेला तर चिमट्याने उकरू नका, पाणी घालू नका, दाणा ओल धरून फुगतो. सरळ दवाखाना गाठा.