जाळीचा पिंजरा, वायर पार्टिशन घेताय? मग या चुका टाळा

स्टोअर आणि मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली, माल कुलपात ठेवायचे तारेच्या जाळीचे पिंजरे बसवताना, उखडताना, परत दुसरीकडे बसवताना इतके बघितले की आता कुणी कोटेशन समोर ठेवलं की मी तारेचं गेज (म्हणजे जाडीचा आकडा) आधी बघतच नाही, दरवाजाचं ड्रॉइंग मागतो. कारण जाळी कापून माल गेलाय असं मी फार क्वचित बघितलंय. माल जातो दरवाजातून, खालच्या फटीतून, वरून, नाहीतर कुलपाशेजारच्या भोकातून हात घालून. आणि सगळे लोक पैसे घालतात ते मात्र जाळीवर.

एक प्रसंग सांगतो. पितळी फिटिंग्ज ठेवायला आम्ही एक पिंजरा करून घेतला होता, जाळी दणकट, कुलूप चांगलं, चावी एकाच माणसाकडे, तरी दर महिन्याच्या स्टॉकमध्ये नग कमी. कुलूप जागच्या जागी, जाळीला ओरखडासुद्धा नाही. महिनाभर एकमेकांवर संशय घेण्यात गेला, चांगल्या माणसांची मनं दुखावली. शेवटी एका दुपारी मी सरळ जमिनीवर आडवा झालो आणि बॅटरी मारून बघितलं, तर जाळीखाली साधारण १०० मिमीची फट आणि फरशीवर आतून बाहेर येणारे बारीक चरे. टोकाला वाकवलेली सळई आत घालायची आणि खालच्या फळीवरचा नग ओढून घ्यायचा, बस. ही खालची फट झाडू मारायला, पाणी काढायला म्हणून स्टँडर्ड डिझाइनमध्येच ठेवलेली असते. नुसतं पार्टिशन, म्हणजे जागा वेगळी करणारी जाळीची भिंत असेल तर ती चालते, पिंजऱ्याला नाही चालत. आम्ही खालून अँगल मारून घेतला, शिवाय खालचं रॅक जाळीपासून हातभर आत सरकवलं, आणि कमी येणं थांबलं. ऑर्डर देताना खालच्या फटीचा आकडा लिहून मागा, एवढं केलं असतं तर तो महिना वाचला असता.

पण मुळात पहिली चूक त्याच्याही आधी होते. जाळी पाहिजे एवढंच ठरलेलं असतं, कशासाठी पाहिजे ते ठरलेलं नसतं. माणसांची वाट वेगळी करायची, माल चोरीपासून वाचवायचा, मशिनपासून माणूस लांब ठेवायचा की गॅसचे सिलिंडर कोंडायचे, ही चार वेगळी कामं आहेत आणि एकाची जाळी दुसऱ्याला लावली की धोका होतो. सगळ्यात जास्त भीती मला मशिनची वाटते. स्टोअरची उरलेली ५० बाय ५० मिमीची पॅनेल उचलून कन्व्हेअरसमोर उभी करतात आणि म्हणतात झालं गार्डिंग. त्या भोकातून माणसाचा हात जातो हो! आयएसओ १३८५७ या मशिन-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचं कोष्टकच आहे, भोक ४० ते १२० मिमीच्या मध्ये असेल तर धोक्याची जागा जाळीपासून किमान ८५० मिमी लांब पाहिजे, कारण पूर्ण हात आत पोचतो असं धरलेलं आहे. तेच चौकोनी भोक २० ते ३० मिमीचं असेल तर १२० मिमी अंतर पुरतं. म्हणजे मशिन जाळीच्या जवळ असेल तर भोक बारीक घ्या, नाहीतर जाळी मागे घ्या. हे पार्टिशन विकणाऱ्याच्या डोक्यात असेलच असं नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

आता तार. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, हे नवीन माणूस हमखास उलटं समजतो. त्यातही गेजच्या पद्धती दोन-तीन आहेत, १० गेज म्हणजे ब्रिटिश पद्धतीत ३.२५ मिमी आणि अमेरिकन स्टील वायरमध्ये ३.४३ मिमी, म्हणून गेज बोलूच नका, मिमीमध्ये लिहून घ्या आणि कोटिंगच्या आधीची जाडी असं स्पष्ट लिहा, कारण पावडर कोटिंगसकट व्हर्नियर लावला तर तार आहे त्यापेक्षा जाड दिसते. चेनलिंक, म्हणजे कुंपणाला लावतात ती एकमेकांत अडकवलेल्या तारांची जाळी, स्वस्त पडते म्हणून पिंजऱ्याला लावू नका, तिची एक तार कापली आणि फिरवत फिरवत काढली की अख्खी जाळी उघडते, परत नीट अडकवून ठेवली तर लगेच कळतसुद्धा नाही. वेल्डेड किंवा क्रिम्प करून, म्हणजे तारांना बाक देऊन विणलेली जाळी घ्या, तिच्यात एका तारेने वाट होत नाही.

दरवाजावर मात्र मी जास्त वेळ घालवायला सांगेन.

एक, कुलपाशेजारचं भोक. आतून गोल नॉब फिरवून उघडणारं लॅच असेल आणि बाजूला ५० मिमीची उघडी जाळी असेल तर बाहेरचा माणूस वाकवलेल्या तारेने किंवा बारीक हाताने तो नॉब फिरवतो, चावी लागतच नाही. लॅचच्या आजूबाजूला किमान हातभर पत्र्याची प्लेट पाहिजे. मग काही लोक त्यावर उपाय म्हणून आतली कडीच काढून टाकतात, दोन्हीकडून चावी लागेल असं कुलूप लावतात, आणि ही तर त्याहून मोठी चूक. आत माणूस काम करत असेल, बाहेरच्याने सवयीने कुलूप घातलं, आणि तेवढ्यात फायर अलार्म वाजला तर? ज्या पिंजऱ्यात माणूस जातो त्याचा दरवाजा आतून चावीशिवाय, एका ढकलण्यात उघडलाच पाहिजे. पुश बार लावा आणि बाहेरून तिथपर्यंत हात किंवा तार पोचू नये म्हणून पत्रा लावा, दोन्ही गोष्टी एकत्र होतात, एकासाठी दुसरी सोडायची गरज नाही. कार्डवालं लॉक असेल तर लाइट गेल्यावर ते बाहेरून उघडं पडतं की बंद राहतं हेही आधी विचारा, आणि बंद राहणारं घेतलं तरी आतून निघता आलं पाहिजे.

दोन, नट-बोल्ट कुठल्या बाजूला आहेत. जाळी बसवणारी टीम सोयीसाठी नट बाहेरून आवळते, मग एक साधा पाना घेऊन कुणीही पॅनेल उतरवू शकतो. गोल डोक्याचे बोल्ट बाहेर, नट आत. बिजागऱ्या बाहेर असतील तर पिन वेल्ड करून घ्या. स्लायडिंग दरवाजा वर उचलून रुळावरून काढता येतो का ते दोघांनी मिळून स्वतः उचलून बघा.

तीन, मापं. पॅलेट १२०० बाय १००० मिमीचं आणि दरवाजा ९०० चा, हे मी खरोखर बघितलंय, नवाकोरा पिंजरा आणि प्रत्येक पॅलेट दाराबाहेर फोडून माल हाताने आत न्यायचा. कंटाळून लोकांनी काय केलं तर दिवसभर शेजारचं एक पॅनेल काढून ठेवायला लागले. पॅलेट ट्रक सरळ आत जाईल एवढी रुंदी तर पाहिजेच, वर वळायला बाहेर जागाही पाहिजे. फोर्कलिफ्ट जाणार असेल तर मास्टची (तिच्या पुढच्या उभ्या खांबाची) उंची मोजा, वरची रेल आडवी येते. आणि स्लायडिंगला दार सरकेल तेवढी भिंत मोकळी लागते, तिथे नेमकं कुणीतरी रॅक लावून ठेवतं.

वरचं छत हा पुढचा घोळ. अडीच मीटर उंच जाळी आणि आत भिंतीला चिकटून रॅक, म्हणजे तुम्ही स्वतःच शिडी करून दिलीत. शेडची उंची बघून जाळी वरपर्यंत न्या नाहीतर वरून जाळीचं छत घाला. फक्त छत पत्र्याचं करू नका आणि छतावर खोके रचू नका, स्प्रिंकलरचं पाणी आत पोचणार नाही. एनएफपीए १३ या अमेरिकन स्प्रिंकलर मानकाप्रमाणे साध्या स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरपासून (पाणी पसरवणाऱ्या चकतीपासून) मालाच्या वरच्या टोकापर्यंत किमान १८ इंच म्हणजे साधारण ४५७ मिमी मोकळं ठेवायचं असतं, ईएसएफआर, म्हणजे आग लवकर दाबणारा गोदामातला प्रकार असेल तर ३६ इंच. पिंजरा ठरवताना फायर सिस्टम बघणाऱ्या माणसाला एकदा बोलवाच. सर्व्हर रूममध्ये तर अजून एक गंमत नसलेली गोष्ट होते, फॉल्स सीलिंगपर्यंत जाळी आणि वरून टाइल सरकवली की पलीकडे उतरता येतं, खालच्या रेझ्ड फ्लोअरचंही (केबलसाठी उचलून बसवलेल्या फरशीचंही) तेच. जाळी खऱ्या स्लॅबपासून खऱ्या स्लॅबपर्यंत गेली पाहिजे.

सिलिंडरबद्दल थोडक्यात: जाळी म्हणजे आग थांबवणारी भिंत नाही. ऑक्सिजन आणि जळणारा गॅस मध्ये जाळी घालून शेजारी शेजारी ठेवतात, अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात त्यांच्यात २० फूट अंतर किंवा ५ फूट उंचीची, अर्धा तास आग थोपवणारी न जळणारी आडोशाची भिंत सांगितली आहे, जाळी त्यात बसत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून त्या पिंजऱ्याचा तळ पत्र्याने बंद करू नका आणि तो गटाराच्या तोंडाजवळ ठेवू नका.

आता बसवल्यानंतरची दुखणी. सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे दार लोंबतंय, लॅच लागत नाही, आणि त्यावर सगळ्यात जास्त केला जाणारा चुकीचा उपाय म्हणजे ग्राइंडरने लॅचचं भोक मोठं करणं. थांबा, आधी चौकट बघा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक आला तर चौकट गुण्यात नाही, दार बिचारं बरोबर आहे. मग बिजागरीच्या खांबाला ओळंबा लावा. खांब झुकला असेल तर बेसप्लेट बघा, बहुतेक वेळा फरशीला उतार असतो आणि खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) न घालता अँकर आवळलेले असतात, आवळताना खांब जागेवरच तिरका होतो. शिम घालून खांब उभा करा, लॅच आपोआप जुळतं. अँकर फिरतच राहतो, आवळला जात नाही, असं असेल तर तो बहुतेक काँक्रीटच्या जॉइंटवर किंवा कडेला मारलाय, तिथलं काँक्रीट फुटलंय, जाड अँकर घालून उपयोग नाही, बेसप्लेट सरकवून पक्क्या जागी नवीन भोक घ्या. जाळी खडखडते असं म्हणत असतील तर क्लॅम्प आवळा, पण शेजारी फोर्कलिफ्टची वाट असेल तर खांबाच्या बुडाशी रंग उडालाय का बघा, कुणीतरी धडकून गेलेलं असतं आणि सांगितलेलं नसतं. तिथे जमिनीत वेगळा गार्ड पोस्ट लावा, पार्टिशनच्या खांबाकडून ते काम होत नाही.

कॅमेऱ्यात रात्री नुसता पांढरा धूर दिसतोय? कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड जवळच्या जाळीवर आपटून परत येतोय, कॅमेरा जाळीच्या आत घ्या. दिवसा बाहेरून आत बघायचं असेल तर काळी किंवा गडद रंगाची जाळी घ्या, पांढऱ्या जाळीवर उजेड चमकतो आणि आतलं काही दिसत नाही. पाण्याने धुतात किंवा केमिकलची वाफ आहे तिथे पावडर कोटिंग कापलेल्या टोकापासून उचलतं, तिथे गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि साइटवर कापाकापी टाळा.

साइटवर कापायला लागू नये म्हणून मापं स्वतः घ्या, ड्रॉइंगवरून नको. कॉलम, पाइप, केबल ट्रे ड्रॉइंगवर असतात त्यापेक्षा भलतीकडेच असतात. पाइपच्या भोवती भोक कापलं की त्या भोकाची कड पट्टीने परत बंद करून घ्या, मी पाइपशेजारी अख्खं खोकं जाईल एवढी जागा उघडी राहिलेली बघितली आहे. इलेक्ट्रिक पॅनेलच्या समोरची मोकळी जागा जाळीने खाऊ नका, दार पूर्ण उघडून माणूस उभा राहिला पाहिजे, आणि तिथल्या जाळीला अर्थिंग करून घ्या.

आणि ऑर्डर देतानाच एक खांब आणि दोन पॅनेल जास्तीची मागवून ठेवा. एखादं पॅनेल वाकतंच, आणि नवीन येईपर्यंत त्या जागी दोरी बांधलेली असते, तेवढे दिवस पिंजरा उघडाच.