परफ्यूम बघायला जा, पण त्या दिवशी घेऊ नका

हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तराची काडी फिरली की आपण काय करतो? हात हातावर घासतो आणि नाकाशी नेतो. मॉलमधल्या परफ्यूमच्या काउंटरवरही आपण तेच करतो. तिथे मात्र ते जमत नाही. जुन्या पद्धतीच्या अत्तराचा पाया चंदनाच्या तेलाचा, ते त्वचेवर मुरत राहतं. फवाऱ्याच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. ते उडून जातं आणि जाताना हलके, लिंबूवर्गीय वास सोबत घेऊन जातं. म्हणजे दुकानात पहिल्या दहा मिनिटांत नाकाला जे आवडतं, ते दुपारी चार वाजता तुमच्या अंगावर नसतंच.

हे मी १०० मिलिलीटरची बाटली घेऊन शिकले. ऑफर होती, वास संत्र्याच्या सालीसारखा तजेलदार होता, पाच मिनिटांत कार्ड पुढे केलं. रिक्षा घराशी येईपर्यंत संत्रं उडून गेलं होतं. मागे उरली ती जळक्या साखरेसारखी गोडी, जी आंघोळीनंतरही हटेना. बाटली अजून कपाटात आहे, जवळजवळ भरलेली.

जायच्या आधी

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या जा. तेव्हा हवेत इतरांनी मारलेले फवारे कमी असतात आणि काउंटरवरच्या मुलीला बोलायला वेळ असतो. अंगाला डिओ नको, केसांना वासाचं तेल नको, गजरा तर नकोच. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. सोबत एक पेन ठेवा.

काउंटरवर

"काय दाखवू?" या प्रश्नाला आपण बिचकतो आणि "काही नाही, नुसतं बघतेय" म्हणून पुढे सरकतो. त्याऐवजी तुम्हाला आवडणारा एखादा वास सांगा. नावांना घाबरू नका: व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, ट्यूबरोज म्हणजे निशिगंध, सांबाक जास्मिन म्हणजे मोगरा, कार्डमम म्हणजे वेलदोडा. माठातलं वाळ्याचं पाणी आवडत असेल तर व्हेटिव्हर मागा, मग ते पुरुषांच्या फळीवर का असेना. बायकांचं-पुरुषांचं ही विभागणी मुख्यतः विक्रीच्या सोयीची आहे. केल्विन क्लाइनचा सीके वन हा परफ्यूम १९९४ मध्ये दोघांसाठी म्हणूनच बाजारात आला होता.

टेस्टरच्या, म्हणजे वापरून बघायला ठेवलेल्या बाटलीचं तोंड नुसतं हुंगू नका, तिथे आधीचा शिळा थेंब सुकलेला असतो. कागदाच्या पट्टीवर एकदा मारा, लगेच पट्टीच्या कोरड्या टोकावर नाव लिहा आणि अर्धा मिनिट थांबा. घाई केली तर नाकात जाईल तो अल्कोहोलचा झणका. मग पट्टी नाकापासून बोटभर लांब धरा. नाकाला टेकवलीत तर पुढचा अर्धा तास प्रत्येक गोष्टीला तोच वास येईल.

एका वेळी चार-पाच पट्ट्या पुरे. पुढे नाक थकतं. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, त्या हुंगल्या की नाक ताजं होतं असं सांगतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. मी सरळ बाहेर जाऊन पाच मिनिटं उभी राहते. नाहीतर स्वतःच्याच बाहीचा, कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा.

मग मनगट

पट्ट्यांतून दोनच निवडा आणि एकेका मनगटावर एकेक फवारा मारा. तिसरा अगदीच खुणावत असेल तर कोपराच्या आत. पांढऱ्या कपड्यावर नको, डाग पडू शकतो. आणि मनगटं घासू नका. घासल्याने सुगंधाचे रेणू तुटतात असं म्हणतात, ते काही खरं नाही. पण घासण्याच्या उबेने सुरुवातीचे हलके वास लवकर उडतात आणि दोन मनगटांवर दोन वेगळे वास असतील तर त्यांची खिचडी होते. खाज किंवा लाली आली तर साबणाने धुवून टाका आणि तो परफ्यूम यादीतून काढा.

बाटलीवर ओ द तॉयलेत लिहिलंय की ओ द पार्फम, तेही पाहा. पहिल्यात सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के, दुसऱ्यात १५ ते २० टक्के असतो. फरक नुसत्या तीव्रतेचा नसतो. एकाच नावाच्या या दोन बाटल्यांत मिश्रणही अनेकदा वेगळं असतं, म्हणून जी घ्यायची तीच अंगावर लावून बघा. बाटलीचा आणि किमतीचा मोबाइलवर फोटो काढा, आभार माना आणि निघा. सेल्सगर्ल "आजच शेवटचा दिवस" म्हणेल. म्हणू दे.

आता दिवस जाऊ द्या

खरी परीक्षा दुकानाबाहेर सुरू होते. एसीतून बाहेर उन्हात आलात की वास पसरतो, घामात मिसळतो. मे महिन्यात दुपारी लोकलच्या गर्दीत तो कसा वाटतो, हे दुकानातल्या थंडाव्यात कळणं अशक्य. तासाभराने एकदा हुंगा, संध्याकाळी एकदा, झोपताना एकदा. मोबाइलमध्ये दोन शब्द लिहून ठेवा: "फिनेल", "आजीची ट्रंक", "ओली माती", जे सुचेल ते. पट्ट्या पर्समध्ये एकत्र कोंबू नका, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा.

दोन तासांनी काहीच वास येत नसेल तर लगेच त्या परफ्यूमला नावं ठेवू नका. नाक सततच्या वासाला सरावतं, शिवाय कस्तुरीसारखे काही कृत्रिम वास अनेकांना मुळातच येत नाहीत. घरातल्या कुणाला तरी हात पुढे करून विचारा. "डोकं धरलं" असं उत्तर आलं तर तेही उपयोगाचंच.

दुसऱ्या फेरीला

चार दिवसांनीही तोच वास आठवत असेल तर परत जा. पुन्हा लावून बघा, छोटं सॅम्पल मागायला लाजू नका. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलीटर जातं, म्हणजे ३० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे ३०० फवारे. रोज तीन मारले तरी तीनेक महिने जातात. १०० मिलिलीटरची बाटली दर मिलिलीटरला स्वस्त पडते हे खरं, पण ती संपवावी लागते. परदेशी परफ्यूम असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर आहे ना, सील शाबूत आहे ना, एवढं बघून पैसे द्या, कारण उघडलेली बाटली सहसा परत घेत नाहीत. घरी आणल्यावर बाथरूमच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नका, कपड्यांच्या कपाटात खोक्यातच राहू द्या. माझी ती १०० मिलिलीटरची तिथेच आहे.