वारशाने आलेली गिटार: घाईत होणाऱ्या या चुका टाळा

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून एखादी जुनी गिटार खाली येते. अंगावर बुरशी, दोन तारा तुटलेल्या, खुंट्या गंजलेल्या. कोणी ओला फडका आणतं, कोणी खोबरेल तेल, आणि दुपारी ती अंगणात उन्हात ठेवली जाते. तीस-तीस वर्षं माळ्यावर तग धरलेल्या गिटारी खाली आल्यावर आठवड्याभरात बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझ्याच घरातली.

माझा मामा मुरगाव बंदरात कामाला होता. बोटीवरच्या एका खलाशाकडून त्याने ती गिटार घेतली होती. तो गेल्यावर मामीने ती माझ्या हातात दिली, म्हणाली, "तू तरी वाजव रे." ब्रिज, म्हणजे वरच्या फळीवरची तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागच्या बाजूने किंचित उचललेला होता. मी ती ओळखीच्या सुताराकडे नेली. त्याने मनापासून काम केलं: पांढरा सुतारी गोंद भरला, वरून दोन स्क्रू मारले. सहा महिन्यांत ब्रिज पुन्हा सुटला. या वेळी त्याच्या तळाला गोंदाचं पांढरं कातडं होतं आणि त्याला चिकटून वरच्या फळीची नखाएवढी ढलपी आली होती. ती ढलपी मी अजून डबीत जपून ठेवली आहे.

दोष सुताराच्या हाताचा नव्हता, गोंदाचा होता. जुन्या चांगल्या गिटारी बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेल्या असतात. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून ब्रिज किंवा मान पुन्हा उघडून बसवता येते. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 70 किलो असतो. एवढ्या सततच्या ओढीखाली पांढरा गोंद हळूहळू सरकतो, आणि एकदा लाकडात मुरला की त्यावर सरस धरत नाही. म्हणून ब्रिज सुटत असेल तर स्वतः काही भरू नका. कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा, किती आत जातो ते टिपून ठेवा आणि तारा सैल करा. काम गिटार दुरुस्त करणाऱ्यालाच द्या, आणि देण्याआधी विचारा: "जोडायला काय वापरता?"

सरस 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. मे महिन्यात पणजीत उन्हात बंद उभी केलेली गाडी तेवढी सहज तापते. गिटार डिकीत ठेवून बाजाराला जाऊ नका. बुरशी सावलीत, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. खोबरेल तर नकोच. ते फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या बोटं टेकवायच्या पट्टीवर, खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील आणि खाली बारीक पीठ पडत असेल, तर किडा जिवंत असण्याची शक्यता आहे. तशी गिटार घरातल्या इतर वाद्यांपासून लगेच वेगळी करा.

आता ओळख. आतली धूळ काढायला गोल भोकातून मूठभर कोरडे तांदूळ टाका, हलकेच हलवा आणि उलटी करून ओता. आतलं लेबल सुटत आलं असेल तर हेही करू नका. मग टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. मुंबईतल्या धोबी तलावच्या दुकानाचा स्टिकर पाहून "ही त्याच कंपनीची" असं लोक धरून चालतात. तो विक्रेत्याचा असतो. डोक्यावरचं नाव अक्षर-अक्षर वाचा. 'गिब्सन' अमेरिकन आणि 'गिवसन' कोलकात्याची. एका अक्षरापायी किमतीचा अंदाज कुठल्या कुठे जातो. मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या गिटारीचा क्रमांक आत, मान जिथे पेटीला मिळते त्या ठोकळ्यावर कोरलेला असतो. ही पद्धत 1898 ची, आणि त्यावरून वर्ष सापडतं. 'वेस्ट जर्मनी' असा शिक्का असेल तर गिटार 1949 ते 1990 मधली. आणि पेटी नासपतीच्या आकाराची, तारा बारा, खुंट्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतील, तर ती आपली नेहमीची गिटार नसून फादो या पोर्तुगीज गाण्याच्या साथीची पोर्तुगीज गिटार आहे. तिच्यावर साध्या गिटारीच्या तारा चढवू नका.

तारांची चूक तर घरोघरी होते. ब्रिजवर खुंट्या नाहीत, तारा गाठ मारून बांधल्या जातात आणि डोक्याला दोन लांब खाचा आहेत, अशी गिटार बहुतेक नायलॉनची. नायलॉनचा ताण स्टीलच्या साधारण निम्मा. तिच्यावर स्टील चढवलं की फळी फुगते.

तारा फार उंच वाटतात? सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, लगेच घासू नका. लांब सरळ पट्टी फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या तारांवर, ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याशी लागलं तर ठीक. खाली फळीकडे गेलं तर मानेचा कोन बदललाय, आणि मान काढून पुन्हा बसवावी लागेल. काम खर्चाचं आहे, पण सॅडल घासून ते टळत नाही. मानेच्या आत तिचा बाक सांभाळणारा धातूचा रॉड असेलच असंही नाही. 1985 च्या आधीच्या मार्टिनमध्ये फिरवता येणारा रॉड नसतोच.

किमतीचं म्हणाल, तर नवं पॉलिश ही सगळ्यात महागडी हौस. जुन्या लॅकरवरच्या बारीक भेगा हा वयाचा पुरावा असतो. तो खरवडला की जाणकार गिऱ्हाईक मागे सरतं. खुंट्या, सॅडल बदलले तरी जुने भाग पिशवीत घालून गिटारीसोबत ठेवा. ऑनलाइन कोणी किती मागतोय ते पाहू नका, प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली ते पाहा. प्लायच्या स्वस्त गिटारीवर दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. मामाचीही तशीच आहे, आणि तरी मी ती दुरुस्त करून घेतली. तो निर्णय बाजाराचा नाही, घरचा आहे.

लिस्बनला किंवा लंडनला नातेवाइकांकडे पाठवणार असाल तर आधी लाकूड तपासून घ्या. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय ते सीमेपार नेऊ नका.

पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 55 टक्के चांगले. आपल्याकडे जुलैत काटा 90 च्या वर जातो, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या लागतातच. नारिंगी दाणे हिरवे पडले की पुडी भरली. ती वाळवून परत ठेवा.