जुन्या लॅपटॉपात आयतं आलेलं लिनक्स

परभणीत माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविम्याच्या दिवसांत लोकांचे आधार, सातबारे, पासबुकं सगळी माझ्याच मशीनवर. म्हणून जुन्या लॅपटॉपात लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आयतं आलं, तरी मी ते ठेवत नाही; पुसून नव्यानं टाकतो. कुणी टाकलं, कुठून आणलं, काय माहीत!

आयएसओ फाइल, म्हणजे मिंट बसवायची फाइल, मिंटच्या मूळ साइटवरून घ्या, तिचा शा-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे दाखवणारा आकडा) जुळवा. तेवढ्यावर थांबू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच फोडून तिथं बॅकडोअरवाल्या (चोरवाट ठेवलेल्या) आयएसओची लिंक लावली होती. साइट फुटली तर तिथला चेकसमही बदलता येतो. म्हणून चेकसमच्या फाइलवरची जीपीजी सही (फाइल खरंच मिंटवाल्यांची आहे हे दाखवणारी डिजिटल सही) तपासा, अन् त्या सहीच्या चावीचा फिंगरप्रिंट (ओळखीचा आकडा) दुसऱ्या ठिकाणाहून पडताळा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

मशीन पुसून नव्यानं टाकणं जमत नसेल, तर निदान 'सॉफ्टवेअर सोर्सेस' उघडून अनोळखी पीपीए (बाहेरच्या लोकांचे सॉफ्टवेअरचे साठे) काढा. डेबसम्स (बसवलेल्या फायली बदलल्यात का ते बघणारं साधन) चालवता येतं, पण ते फायली पॅकेजसोबतच्या यादीशीच ताडतं. पॅकेजच खोटं असलं तर ते बिचारं 'ओके'च म्हणणार.

बिनकामाचे प्रोग्रॅम मी लगेच उडवतो. टोरंटवरून फायली उतरवणारं ट्रान्समिशन माझ्या दुकानात कशाला?