सीनाकाठाने चालायचं असेल तर: वनविहार, वडकबाळ आणि कुडल संगम

सोलापुरात डोंगर नाही, मग चालायला जायचं कुठं, असं कुणी विचारलं की मी नदीचं नाव सांगते. सीना शहराच्या पश्चिमेकडून खाली उतरते, विजापूर रस्त्यावर वडकबाळला आपल्याला आडवी येते आणि पुढे हत्तरसंग कुडलला भीमेत मिसळते. या काठाला चढ नाही, झाडं आहेत, आणि जुळे सोलापुरातून निघालं तर अर्ध्या तासात माणूस नदीवर असतो. माझे वडील अप्पा सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा लावणारे. भाचा दुसरीत. या दोघांना एकाच वेळी घेऊन जाता येतं ती वाट मी सोपी समजते, आणि खाली लिहिलंय ते त्याच हिशोबाने.

आधी पायाला सवय हवी. बरेच दिवस चाललेलं नसेल तर थेट नदीवर जाऊ नका. विजापूर रस्त्यावरच वनखात्याचं सिद्धेश्वर वनविहार आहे. तिथं आठवडाभर सकाळी फिरा. पायवाट मळलेली आहे, माणसांची ये-जा असते, दमलात तर लगेच मागे फिरता येतं. बूट चावतो का, टोपी पुरते का, हे घराजवळच कळलेलं बरं.

आता वेळ. आमच्याकडे वाट सोपी की अवघड हे अंतरावर कमी आणि घड्याळावर जास्त ठरतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा बेत सोडून द्या. खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत सात वाजता सूर्य वर येतो. त्या वेळी तुम्ही काठावर असलात की साडेनऊपर्यंत छान चालून होतं. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर लगेचही जाऊ नका, कारण इथली जमीन काळी आहे. ओल असताना पावलागणिक माती बुटाला चिकटते, बुटाचं वजन दुप्पट होतं आणि म्हातारं माणूस घसरतं. दिवाळीनंतर जमीन वाळून भेगा पडू लागल्या की वाट चालण्याजोगी होते. तेव्हा त्या भेगांवर मात्र लक्ष ठेवायचं, लहान मुलाचा पाय अडकतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथं आभाळ निरभ्र असलं तरी नदी वाढू शकते. भीमेत उजनी धरणातून पाणी सोडतात आणि भीमा-सीना जोड बोगद्यातून ते सीनेतही येतं. सीनेवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात आणि मागं पाणी तुंबतं. त्यामुळे मागच्या खेपेला कोरडी दिसलेली जागा या वेळी कमरेइतक्या पाण्यात असू शकते. निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीच्या विसर्गाची बातमी पाहा, आणि काठावर पोहोचल्यावर पहिल्या भेटणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, "काका, पाणी सोडलंय का?" त्याची मोटार नदीवर असते, त्याच्याइतकी पक्की खबर कुणाकडे नसते.

वडकबाळची वाट अशी. गावाजवळ रस्त्यात येणार नाही अशा ठिकाणी, कुणाला तरी विचारून गाडी लावा. पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे साधारण पश्चिमेकडे निघा. सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि डोळ्यांवर येत नाही. पाणंद आणि शेतातल्या गाडीवाटा धरूनच चालायचं. नदीला लागून बाभळी आणि करंज, मध्येच एखादा मोठा चिंचेचा किंवा कडुलिंबाचा बुंधा, ओलीच्या जागी बेशरमाची झुडपं आणि पाणकणीस. पांढरट खोडाचं आणि छत्रीसारखं पसरलेलं झाड दिसलं तर तो हिवर. अप्पा प्रत्येक हिवराखाली थांबतात, आणि मी थांबू देते; दर वीस मिनिटांनी एक थांबा हा नियम त्यामुळे आपोआप पाळला जातो. वेडी बाभूळ मात्र ओळखायला शिका. तिचा काटा साध्या चपलेच्या तळातून थेट पायात जातो, म्हणून जाड तळाचे बूट घाला, सँडल नको.

काठाच्या अगदी कडेने चालू नका. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा कितीतरी ठिकाणी काठची माती खरवडून गेली. वरून धड दिसणारी कड खालून पोकळ असते. चार हात आत राहा. आणि पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. वाळूउपशाने पात्रात खोल खड्डे झालेत, वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. पोरांना हे निघण्याआधी घरीच बजावून सांगा. पाणी दिसल्यावर ती ऐकत नाहीत.

मोटारींच्या वायरी हा दुसरा धोका. काठावर पंपांच्या केबली गवतातून जमिनीवरच पसरलेल्या असतात, काही ठिकाणी जोड उघडे असतात. त्या ओलांडताना खाली बघून, पाय उचलून जा. ओल्या जमिनीवर वायर दिसली तर सरळ वळसा घाला. वस्तीवरची कुत्री लांबूनच भुंकतात. पळायचं नाही, जागेवर उभं राहून मालकाला हाक मारायची. हातात काठी असावी, ती मुख्यतः गवत हलवण्यासाठी. या भागात नाग, घोणस, मण्यार आहेत. उसाच्या बांधाने अंधारात चालणं टाळा. कुणाला चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. तो भाग हलू न देता गाडीत घाला आणि सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

परत फिरायचं कधी? माझा नियम असा की प्रत्येकाकडे स्वतःची दोन लिटरची बाटली, आणि कुणाही एकाची निम्मी संपली की सगळेच मागे वळतात. पुढं कितीही छान दिसत असलं तरी.

पाखरांसाठी वेगळं कुठं जायला लागत नाही. बंधाऱ्याजवळ बसलं की खंड्या, पाणकावळे, बगळे दिसतात, थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत ओल्या मातीवर पळतात. पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबतात. रिकामा खोपा खाली पडलेला असेल तर पोरांनी उचलावा, झाडावरचा तोडू नये.

पायाला एवढी सवय झाली की कुडलला जा. विजापूर रस्त्याने वडकबाळचा पूल ओलांडायचा आणि पुढे डावीकडे हत्तरसंगची वाट विचारायची. त्या गावांत घराघरांत कन्नड बोलतात, पण मराठीत विचारलं तरी लोक फाट्यापर्यंत येऊन दाखवतात. शहरातून गाडीने तासाभराचा रस्ता. इथं सीना आणि भीमा एकत्र येतात आणि संगमावर जुनी देवळं आहेत. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते. चालण्यासाठी साधा वार निवडा.

चालणं इथं थोडंच आहे. देवळापासून काठाने संगमापर्यंत आणि परत, लहान मुलालाही जमतं. वेळ मात्र देवळांना द्या. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो, आणि तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ. भाच्याला मी आधी फक्त अक्षरं शोधायला लावलं. एक 'त' ओळखीचा वाटला तेव्हा तो जे ओरडला! शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं शिवलिंगही पाहा. एकाच दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मुलांना मोजायला बसवू नका, दुपार होईल.

जेवण घरून न्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे आणि दही वेगळ्या डब्यात. कडक भाकरी दिवसभर टिकते आणि पिशवीत मोडली तरी बिघडत नाही. जानेवारीत गेलात तर वाटेत दुतर्फा ज्वारी उभी असते, दाणा दुधात आलेला. कणसाला हात लावण्याआधी मालकाला विचारा. बहुतेक वेळा तोच आगटी पेटवून बसायला सांगतो, आणि मग हुरड्याचे पैसे विचारणं जमत नाही म्हणून आम्ही गाडीत गूळ आणि शेंगाचटणीचा जादा पुडा ठेवतो. तो त्याच्या घरी द्यायचा. प्लॅस्टिक, पत्रावळी, बाटल्या सगळं परत आपल्या पिशवीत, कारण त्या काठावर कचरा उचलायला कुणी येत नाही आणि पहिल्या पाण्यात ते सगळं भीमेत जातं.