चिपाडापासून हायड्रोजन: निकेलला दोष देण्याआधी या चुका टाळा

बेळगाव भागातली इंजिनिअरिंगची आणि एमएस्सीची पोरं हल्ली प्रोजेक्टला हायड्रोजन घेतात. घ्यावाच. चिक्कोडी, अथणी, निपाणीकडं ऊस आहे, खानापूरला भात आणि काजू. चिपाड, तूस, टरफलं यांना तोटा नाही, आणि उसाच्या पाल्याला तर आपण शेतातच काडी लावून मोकळे होतो. हा माल हवा न लागू देता तापवायचा, निघालेला वायू आणि डांबरी वाफ पाण्याच्या वाफेबरोबर ७०० ते ८५० अंशांना निकेल चढवलेल्या गोळ्यांवरून न्यायची, की हायड्रोजन सुटतो. हे निकेल म्हणजेच कॅटॅलिस्ट, प्रक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक. पण मार्च उजाडला की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "सर, कॅटॅलिस्टच खराब आलंय." मी आधी विचारतो, त्याला खायला काय घातलं होतंस? बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

ओला माल आणि राखेचा हिशोब

कारखान्यातून येणाऱ्या चिपाडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते तसंच रिॲक्टरमध्ये घातलं की आतलं तापमान खाली येतं आणि वाफ किती गेली याचा हिशोब चुकतो. गुऱ्हाळावरच्या एका काकांनी माझ्या पोरांना एका वाक्यात समजावलं होतं: "ओलं चिपाड चुलवाणात घातलासा तर धूरच बघत बसशिला." उन्हात वाळवा, मग ओव्हनमध्ये १०५ अंशांना ठेवा. दोनदा केलेलं वजन सारखं आलं की झालं.

राखेकडं मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त निकेल तिथंच वाया जातं. एका वर्षी चिपाडावर आमचं काम छान चाललं होतं. मग त्याच निकेलवर आम्ही पाला लावला आणि तिसऱ्या तासाला हायड्रोजन घसरला. नळी उघडली तर पुढच्या गोळ्यांवर काचेसारखी चकचकीत साय धरलेली, नखानं खरवडूनही निघेना. पाल्यात पोटॅशियम आणि क्लोरीन बरंच असतं. पोटॅशियम सिलिकाशी, म्हणजे वाळूतल्या पदार्थाशी, मिळालं की कमी तापमानालाच वितळतं आणि थंड होताना काच होऊन बसतं. चिपाड त्यामानानं स्वच्छ असतं, कारण गाळपाच्या वेळी कारखाना त्यावर पाणी मारून रस पिळून घेतो आणि क्षार त्या रसाबरोबर निघून जातात. मळीत पोटॅश सापडतं ते त्यामुळंच. म्हणून पाला वापरायचा तर आधी पाण्यात भिजवा, पाणी निथळून काढा, पुन्हा वाळवा. हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत, साध्या धुण्यानंही बराच फरक पडतो. भाताच्या तुसाचं दुखणं वेगळं: त्यात राखच १५ ते २० टक्के, आणि तीही बहुतांश सिलिका. तूस आणि निकेल एकाच थरात कालवू नका. राख मागं राहील आणि फक्त वायू पुढं जाईल, अशी दोन खणांची रचना करा.

गोळ्यांचा रंग बघा

निकेल नायट्रेट ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, गोळ्यांचा आधार) चढवून भाजताना "जास्त तापवलं तर जास्त पक्कं" असं समजून कोणी ९०० अंशांना भाजतं. गोळ्या सुंदर आकाशी निळ्या होतात. तो निळा म्हणजे निकेल ॲल्युमिनात शिरून बसल्याची खूण, आणि तिथून त्याला धातू म्हणून बाहेर काढणं फार अवघड. ५०० अंशांच्या आसपास भाजा. भाजताना तपकिरी विषारी धूर निघतो, तेव्हा धूर ओढून घेणारा फ्यूम हूड चालू हवा. आणि पुढचं विसरू नका: भाजल्यावर हातात येतं ते ऑक्साइड. त्यावरून हायड्रोजन वाहवून ते धातूत आणल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

मेलं की दमलं?

हायड्रोजन कमी झाला तर लगेच नवीन गोळ्या भरू नका. आत जाणारा आणि बाहेर येणारा दाब बघा. फरक वाढत असेल तर काजळी धरली आहे. वाफ वाढवा, नाहीतर नायट्रोजनमध्ये थोडीशी हवा मिसळून ती सावकाश जाळून काढा. सगळी हवा एकदम सोडलीत तर काजळीच्या आगीनं थर इतका तापेल की निकेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतील, आणि ते पुन्हा बारीक होत नाहीत. निकेलचे कण ५९० अंशांच्या पुढं हळूहळू सरकायला लागतात, तांब्याचे ४०० च्या आसपासच. म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून आणखी हायड्रोजन काढायला पुढच्या टप्प्यात तांबं-जस्त वापरत असाल तर ते २०० ते २५० अंशांतच ठेवा. दाब ठीक आहे, काजळी नाही, आणि तापमान चढवल्यावर काम थोडं सुधारतं, असं दिसलं तर गंधकाचा संशय घ्या. निकेलच्या आधी गंधक धरून ठेवणाऱ्या झिंक ऑक्साइडचा थर टाकून बघा.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, भट्टीच्या भिंतीला लावून "८०० अंश" लिहू नका. टोक गोळ्यांच्या मधोमध हवं.

साखरेच्या पाण्याचा प्रयोग चिपाडाला लावू नका

विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स डुमेसिक यांच्या गटानं २००२ मध्ये साखर, ग्लिसरॉल अशा विरघळलेल्या पदार्थांपासून, दाबाखालच्या गरम पाण्यातच, प्लॅटिनमवर हायड्रोजन काढून दाखवला. तापमान २२५ अंशांपासून पुढं, म्हणजे तसं कमीच. हे वाचून पोरं त्याच भांड्यात चिपाडाची पूड टाकतात. चिपाडातलं सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. आधी त्याची साखर करावी लागते. शिवाय नेहमीचं गॅमा ॲल्युमिना असल्या गरम पाण्यात टिकत नाही, त्याचं रूपच बदलतं.

आकडा खरा आहे का?

गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना वाहून नेणारा वायू म्हणून हेलियम चालू ठेवून हायड्रोजन मोजू नका. दोघंही उष्णता जवळजवळ सारखीच वाहून नेतात, त्यामुळं टीसीडीला (उष्णता वाहण्यातल्या फरकावरून वायू ओळखणाऱ्या डिटेक्टरला) हायड्रोजन नीट दिसत नाही. आर्गॉन वापरा. आणि वायूत ६० टक्के हायड्रोजन मिळाला म्हणून खूश होण्याआधी किलोमागं किती ग्रॅम निघाला ते काढा. एक किलो कोरड्या सेल्युलोजपासून, वाफेतला धरूनही, सुमारे १४९ ग्रॅमच्या वर हायड्रोजन निघूच शकत नाही. तुमचा आकडा त्याच्या पलीकडं गेला तर वजन, प्रवाह किंवा मोजणी चुकली आहे.

बंद करताना

इथं मी कुणालाच सूट देत नाही. निकेल २०० अंशांच्या खाली आलं आणि त्यावरून कार्बन मोनॉक्साइड वाहत असेल तर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं, आणि ते अतिशय विषारी आहे. म्हणून थर गरम असतानाच वायू बंद करून नायट्रोजन सोडा आणि पूर्ण थंड होईपर्यंत चालू ठेवा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेटतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, तेव्हा जोड साबणाच्या पाण्यानं तपासा. आणि वापरलेलं काळं निकेल नळीतून थेट कचऱ्याच्या डब्यात ओतू नका. हवा लागताच ते स्वतःहून तापतं, कागद पेटवतं. नायट्रोजनमध्ये एखादा टक्का ऑक्सिजन मिसळून, तापमान चढत नाही ना बघत, तासभर तरी सोडा. मगच नळी उघडा.