स्कॉटलंडच्या सरकारला आपला प्रश्न कसा विचारायचा

एडिनबरा किंवा ग्लासगोत राहताना दवाखाना, शाळा, घर यांबद्दल सरकारला जाब विचारायचा असेल, तर लंडनला लिहून उपयोग नाही. १९९९ पासून हे विषय होलिरूडच्या स्कॉटिश संसदेकडे आहेत. व्हिसा, संरक्षण, परराष्ट्र धोरण मात्र वेस्टमिन्स्टरकडेच, म्हणजे लंडनच्या संसदेकडेच आहे. कचऱ्याची गाडी आली नाही तर नगरसेवक गाठा.

विषय होलिरूडचा आहे हे नक्की झालं की आपला एमएसपी, म्हणजे तिथला आमदार, शोधा. संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आठ नावं येतात: एक मतदारसंघाचा, सात विभागाचे. यांपैकी कोणालाही लिहिता येतं, पण एका वेळी एकालाच लिहा. मतदार यादीत नाव नसलं तरी तुम्ही तिथले रहिवासी आहात, एवढं पुरतं. घरातल्या एकाच माणसाची शस्त्रक्रिया रखडली असेल तर आमदाराला थेट आरोग्य मंडळाला, म्हणजे त्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहायला सांगा. संसदेतला प्रश्न अनेकांच्या अडचणीसाठी राखावा.

गुरुवारी दुपारी १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखांना, प्रश्न विचारले जातात, ते टीव्हीवर दिसतात. पण त्यातला बराच वेळ पक्षनेत्यांचा असतो. आपल्या विधानसभेतल्या अतारांकित प्रश्नासारखा, आमदारामार्फत दाखल केलेला लेखी प्रश्न माझ्या मते जास्त कामाचा. त्याचं उत्तर साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत येतं, सुट्टीच्या काळात २० दिवसांत, आणि ते सगळ्यांना वाचता येतं.

खरा कस लागतो तो प्रश्नाच्या शब्दांत. ‘मुलांच्या मानसिक उपचारांना इतका उशीर का?’ असं विचारलंत तर सरकार किती प्रयत्न करतंय याचा परिच्छेद हाती येईल. आधी प्रसिद्ध आकडे आणि जुने प्रश्न पाहा. उपचारांसाठी शिफारस झाल्यापासून १८ आठवड्यांत ९० टक्के मुलांचे उपचार सुरू व्हावेत, हा सरकारचाच निकष आहे. तुमच्या भागात तो पाळला जात नसेल, तर आकडा पुन्हा मागू नका, तारीख मागा. एडिनबरा ज्यात येतं त्या लोथियन भागासाठी असं: ‘लोथियन आरोग्य मंडळाने हा निकष कोणत्या तारखेपर्यंत गाठावा, अशी सरकारची अपेक्षा आहे?’ एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. दोन विचारल्या की सोपीचं उत्तर मिळतं आणि अवघड राहून जाते. मजकूर असा तयार करून दिलात तर आमदाराच्या कार्यालयाचं काम हलकं होतं.

‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असं, म्हणजे स्कॉटिश सरकारकडे ती एकत्र नाही असं, उत्तर आलं तर थांबू नका. २००२ च्या स्कॉटिश माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली थेट आरोग्य मंडळाकडे अर्ज करा. आपल्या माहिती अधिकारासारखाच हा हक्क आहे, आणि उत्तराची मुदत कामकाजाच्या २० दिवसांची. मिळालेला आकडा घेऊन पुन्हा त्याच आमदाराकडे जा आणि पुढचा प्रश्न दाखल करायला सांगा.

आमदार दाद देत नसेल तर संसदेकडे स्वतः याचिका करता येते. तिला एकच सही पुरते, तुमची.